हेमात ठेवलंय

११ जानेवारी, रोहा
सकाळी पेणला फोन. अप्पांना म्हटलं, आईचा पिवळ्या साडीतला फोटो पाठवा, फ्रेम करायचीय. अप्पा म्हणाले, "पाठवतो की. प्राचीत ठेवलाय."
प्राचीत?
मग उलगडा झाला. कॉम्प्युटर फार रखडत होता म्हणून वहिनीने सगळं पुसून नवी सिस्टिम टाकली. फोटोबिटो आधी काढून ठेवले, परत भरले. हुशारच आहे ती. आणि सी ड्राइव्हला नाव दिलं स्वतःचंच, 'प्राची'.
मी बारावीत असताना कॉम्प्युटर घरात आला, तेव्हा मी त्या ड्राइव्हला माझं नाव टाकलं होतं, 'हेमा'. तेव्हापासून घरातलं सगळं 'हेमात' असायचं. लाइटबिल हेमात, अप्पांची शाळेतली भाषणं हेमात. सुधीर चिडवायचा, ताईच्या पोटात काय काय मावतं बघा.


१२ जाने.
मिलिंदला सांगितलं. म्हणतो, "ड्राइव्हला नाव पण असतं?" नवरा आहे की दगड.
जळतेय मी. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. माझ्या लग्नात मि.ने तांदळाच्या ताटात अंगठीने 'रेवती' लिहिलं. ताट हलत होतं तर अप्पांनी स्वतः धरलं. वर "छान नाव आहे." तेच अप्पा सुधीरच्या लग्नात ताट बाजूला सारून म्हणाले, "सुनेचं नाव बदलायचं नाय. प्राचीच राहू दे." मांडवभर कौतुक. मीही केलं, दात दाखवून.
आता पेणलाही सगळे मला रेवती म्हणतात, जावयाला बरं वाटावं म्हणून. हेमा उरली होती ती त्या डबड्यात. तिथेही प्राची.

१८ जाने., पेणहून परतताना
वहिनीचं हळदीकुंकू. जाताना कासू स्टेशनला गाडी थांबून राहिली, तेव्हाच ठरवलं, नाव बदलूनच परत यायचं.
दुपारी संधी मिळाली. सुधीर डोलवीला कंपनीत, शिफ्टवर. अप्पा झोपलेले. वहिनी आळीत बोलावणं करायला. राइट क्लिक, रीनेम, हेमा, एंटर. तर म्हणे परवानगी लागेल, पासवर्ड टाका. माझ्या माहेरात मला पासवर्ड! सुधीरचा वाढदिवस टाकून पाहिला, त्यांच्या लग्नाची तारीख टाकली. नाही.
मागे वळते तर वहिनी. हातात तिळगुळाचा डबा.
"काय हवं होतं वन्सं?"
काय सांगणार, समोर दिसतच होतं. तिने डबा ठेवला, वाकून पासवर्ड टाकला. म्हणाली, "मी हेमाच ठेवत होते हो. अप्पाच नको म्हणाले. दिवाळीत भावोजींनी बघितलं ना, अजून हेमाच का, म्हणून हसले. तेव्हापासून अप्पांच्या मनात होतं. म्हणाले, तुझंच टाक."
आणि आत गेली चहा टाकायला.
झाला ड्राइव्ह हेमा. आनंद वगैरे काही नाही. इतके दिवस जिच्यावर चरफडले तिचा दोष निघाला नाही, आणि ती चांगली वागली याचाही राग आला. अजूनही येतोय.
अप्पा उठून कॉम्प्युटरपाशी बसले होते. पाहिलं असणारच. निघताना पोह्याचे पापड दिले.

१९ जाने., रोहा
मि.ला विचारलं, दिवाळीत अप्पांसमोर माझ्या नावाला हसलास?
"मी? कधी?"
खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नाही. ते जास्त लागलं.

२२ जाने.
संध्याकाळी अप्पांचा फोन. आईचा फोटो पाठवलाय म्हणाले.
"कुठे सापडला?" मी मुद्दाम विचारलं.
"तुझ्यात होता गो."
"माझ्यात म्हणजे कशात?"
खाकरले. मग हळूच, "जावईबापू हायत का जवळ?"
मि. शेजारीच शेंगा सोलत बसला होता.
"आहेत," म्हटलं.
"बरं बरं. ठेवतो मग."
नाहीत म्हणायला काय झालं होतं मला?