सरावातला हात

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? जावईबापूंचा गुडघा काय म्हणतो? छोटीचे पुढचे दात आले का? मी बरा आहे, दोन घास खातो.

साथ येण्याआधी संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी शाळेत आम्हा स्वयंसेवकांचा सराव घेतला होता. खोटा रुग्ण व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा तुझी आई खाटेवर आडवी झाली. म्हणाली, "घरी कुठे पाठ टेकायला मिळते?" मग कण्हत तिने हात पुढे केला आणि मी तो पटकन धरला.

"आजोबा, नापास!" बाई ओरडल्या. "रुग्णाला हात लावायचा नाही."

आई म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत हात धरला, तर तुम्ही नापास करता!" सगळे पोट धरून हसले.

दोन महिन्यांनी साथीत शाळेचाच दवाखाना झाला आणि ती त्याच खाटेवर होती, खरीखुरी आजारी. मधे दोरी बांधलेली, आणि नातलगांना दोरीशी अडवायचं काम माझं. तिसऱ्या दिवशी तिने हात पुढे केला. "अहो, या ना." माझ्यामागे वीस माणसं उभी होती. मी दोरी ओलांडली असती, तर सगळीच आत धावली असती. काळजाचा दगड केला आणि जागचा हललो नाही.

ती गेली तेव्हा फोनवर तुला सांगितलं, शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. ते खोटं होतं, पोरी. त्या दिवशी मी पास झालो.

आधीची तीन पत्रं उशीखालीच आहेत. हे तरी पेटीत टाकायचा धीर होवो. मिळालं तर लवकर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
बाबा