सिस्टरनी तुला विचारलं होतं

प्रिय प्राजक्ता,

एकाच घरात राहून सुनेला पत्र लिहिणारा सासरा अख्ख्या आनंद नगरात मीच असेन. पण तोंडानं सांगायला गेलो असतो तर पुन्हा मीच बोलत बसलो असतो, आणि तू नेहमीसारखी मान डोलावली असतीस.

छकुलीला तू ओवा-वेखंडाची धुरी देतेस, तेव्हा मला ओंकारचं बाळपण आठवतं. तुझी सासू इंदुमती त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि मी दारात उभा राहून शाळेतल्या कविता म्हणायचो. "कविता पुरे, गरम पाणी आणा," म्हणायची. आज ती असती तर तुझ्याजवळ नुसती बसली असती. ती नाही, म्हणून तिची जागा आपण भरावी असं मला वाटलं. भरली ती बडबडीनं.

अंगणवाडीच्या दीदींबरोबर आता शाहीन सिस्टरही घरी येतात, याचं मला केवढं कौतुक. आधी बाळाचं वजन एकीकडे, लस दुसरीकडे, आणि बाळंतिणीची विचारपूस कुठेच नाही. त्या आल्या की मी चहा टाकायचो, खुर्ची ओढून मधोमध बसायचो. वजन झालं की सिस्टर तुझ्याकडे वळायच्या. "नींद आती है?" मी सांगायचो, छान आती है. "मन कैसा रहता है?" मी सांगायचो, आमची बहू हसतमुख, अगदी नावासारखी. मागच्या गुरुवारी त्या हसून म्हणाल्या, "दादाजी, मैंने बहू से पूछा था." मीही हसलो आणि चांदण्यावरची एक कविता ऐकवली. त्यांना मराठी कळत नाही.

त्या गेल्यावर मी कप ठेवायला आत आलो. तू पाठमोरी, छकुलीला तेल लावत होतीस, आणि हळू आवाजात, निघून गेलेल्या सिस्टरना उत्तरं देत होतीस. नहीं सिस्टर, नींद नहीं आती. ये सो जाए तब भी नहीं. मग मराठीत, छकुलीला म्हणालीस, तुला उचलून घ्यावंसंच वाटत नाही गं कधी कधी. मी वाईट आई आहे का?

आणि मी काय केलं? खोकलो, आणि साखर कुठे आहे विचारलं. साखर माझ्यासमोरच होती. तू डोळे पुसून डबा पुढे सरकवलास.

उज्जैनच्या शाळेत दत्तात्रय गुरुजी एकेकाकडून कविता म्हणून घेत. केशव अडखळला की पुढची ओळ मी म्हणून टाकायचो. वाटायचं, मदतच करतोय. गुरुजी मला व्हरांड्यात उभं करायचे. तिथून ऐकू यायचं, केशव सगळी कविता म्हणायचा. थांबत थांबत, पण सगळी.

आज गुरुवार. नलिनीआत्याचे गुडघे दुखत नाहीत, ते मी खोटंच सांगितलं. मिसरोदला तिच्याकडे निघालोय तो एवढ्याचसाठी, की सिस्टर येतील तेव्हा मी घरात नसावं. चहाच्या भानगडीत पडू नकोस. तेल लावताना जे बोललीस तेच त्यांना सांग, जसं येईल तसं. ओंकारला मी काही बोललेलो नाही; त्याला कधी आणि काय सांगायचं ते तू ठरव. संध्याकाळच्या बसनं येईन, आणि काही विचारणार नाही.

तोवर मी व्हरांड्यात उभा आहे, असं समज.

तुझाच, आज गप्प राहणारा,
बाबा