फक्त माझंच मशीन

मंगळवार, ९ मार्च २००४

रिपोर्टचा सर्व्हर लागत नाही. आणि नेमका आजच! आईच्या तपासणीचा रिपोर्ट काल सर्व्हरवर चढवला, असं लॅबवाले सांगतात. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतो मी, आणि माझ्याच मशीनवर पांढरा पडदा.

घरी आईने विचारलं, "आला का रे?" म्हटलं, लाइन बंद आहे. "असू दे," म्हणाली. ललिताच्या लग्नाच्या साड्या घडी घालत बसली. लग्न अठ्ठावीसला. धाकटी बहीण जाणार.

बुधवार, १० मार्च

पिंग जातंय, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे. पण रिपोर्टच्या पोर्टवर हाक मारली की चिडीचूप. सरळ नकार आला असता तर समजलो असतो, पलीकडचा प्रोग्राम बंद पडलाय. इथे नकारही नाही — नुसती वाट बघायची. मधे कुणीतरी अडवतंय.

रिसेप्शनच्या मशीनवरून झटकन लागतं. तिथेच आईचं नाव टाकून बघता आलं असतं. नाही टाकलं. खाली येऊन माझीच केबल बदलत बसलो. भित्रा आहे मी.

चंदूला विचारलं. आमच्याच डिलाईल रोडच्या चाळीतला. इथे फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवर कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी, तोच बघतो. "बघतो रे उद्या," म्हणाला. मान वर केली नाही.

गुरुवार, ११ मार्च

आई जेवत नाही. "विहारात खाल्लं," म्हणते.

हिचं हे जुनंच आहे. गिरणीच्या संपात मी सात वर्षांचा. आम्हाला वाढून झालं की म्हणायची, राधाबाईकडे जेवले. शेजारची राधाबाई तिच्या पोरांना आईचं नाव सांगायची, रखमाकडे जेवले. मिल कायमची गेल्यावर कधीतरी हे बाहेर आलं. दोघी हसल्या. बाबा उठून गॅलरीत गेले.

शुक्रवार, १२ मार्च

चंदू रजेवर. मीच फायरवॉल उघडला, एकेक नियम वाचत गेलो. सदतिसावा: एका पत्त्यावरून रिपोर्ट-सर्व्हरकडे जाणारं सगळं टाकून द्यायचं. पत्ता माझ्या मशीनचा! फक्त माझ्या. सोमवारी घातलेला, चंदूच्या लॉगिनने.

तडक त्याच्या खोलीवर गेलो. कॉलर धरली. त्याने सोडवून घेतली नाही.

"मावशीनेच सांगितलं रे. सोमवारी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. आता फार उशीर झालाय म्हणाले, दुखणं कमी करायचं तेवढं करू. ती तशीच माझ्याकडे आली. म्हणते, पोरीचं लग्न होईस्तोवर त्याला कळू नको देऊस, तुमच्या त्या कॉम्प्युटरात काय करता येत असेल ते कर. मी काय करणार होतो, सांग."

जिन्यात बसून रडलो. लोक बाजूने जात होते.

शनिवार, १३ मार्च

आईने विचारलं, "लागली का लाइन?"

नियम काढलेला नाही. म्हटलं, नाही गं, महिनाभर तरी लागायची नाही.

"बरं," म्हणाली. मग ती नावं सांगत गेली, मी पत्रिकांवर लिहीत गेलो.