दसऱ्यापर्यंत ‘आबा’

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रसिकाचं बोलणं माझ्याकडे. नात तीन वर्षांची झाली, कान तपासून झाले, ठणठणीत आहेत, पण बोट दाखवणं आणि ‘ऊं’ यापुढे गाडी सरकत नाही. पराग आणि सूनबाई स्नेहा दिवसभर ऑफिसात. घरात छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस रिकामा बसलाय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. टार्गेट: दसऱ्यापर्यंत तिने मला ‘आबा’ म्हणायचं. याहून नाठाळ पोरं मी वळणावर आणली आहेत.

२ सप्टेंबर
स्पीच थेरपीच्या पद्मावती मॅडमना भेटलो. म्हणाल्या, वेगळा अभ्यास घेऊ नका. आंघोळ, जेवण, भाजी, कपड्यांच्या घड्या, रोज जे चालतं त्यातच तिच्याशी बोला. थोडं बोला, मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा, तिला वेळ द्या. थांबण्याचं शैक्षणिक महत्त्व मी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्या ऐकतच राहिल्या. स्नेहा सारखी घड्याळ का दाखवत होती कळलं नाही.

३ सप्टेंबर
आबिड्सच्या बाजारात जाऊन चित्रांची कार्डं, फळा, रंगीत खडू, हजेरीपट आणला. बायकोने, मालतीने विचारलं, वेगळा अभ्यास नको म्हणाल्या ना त्या? तो सल्ला सामान्य पालकांसाठी आहे. हे तिला नीट समजावू लागलो तर म्हणाली, अहो, गप बसा. चाळीस वर्षं मी दिवसातून दहा वेळा हेच ऐकतोय.

४ सप्टेंबर. सकाळी ९
पहिला तास. कार्ड: जिराफ. हे काय, म्हणून विचारलं. थांबलो. दोनपर्यंत मोजलं. मग मीच सांगितलं. लहान मुलीला ताटकळत ठेवणं बरं नाही. ओघात जिराफाची मान, आफ्रिका खंड. एकूण अठ्ठावीस कार्डं झाली. रसिका सतरा मिनिटं बसली, पैकी दहा टेबलाखाली. सुरुवात उत्तम.

८ सप्टेंबर
काल ठरवलं होतं, पाचपर्यंत मोजायचंच. तीनवर खोकला आला, त्यातून ‘जिराफ’ निघून गेलं. उद्यापासून नक्की.
समोरचे हणमंतराव आले होते. माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. म्हणाले, तुमच्या वर्गातून पोरांचा आवाज कधी आला नाही. प्रश्न तुम्ही विचारायचात, उत्तरही तुम्हीच द्यायचात, भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू यायचं. जुना सहकारी मोकळ्या मनाने कौतुक करतो तेव्हा बरं वाटतं.

१२ सप्टेंबर
विद्यार्थिनी गैरहजर. फळा पुसल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात पळते. तिथे मालती तिला गवार मोडायला देते. दारावर भाजीवाली यादम्मा ‘दा पापा, दा’, म्हणजे ये बाळा, ये, म्हणून बोलावते आणि हातात वांगं ठेवते. तेलुगू अभ्यासक्रमात नाही, असं मी यादम्माला सांगितलं. म्हणाली, नक्को परेशान हो सर, बच्ची है, बोलती. या गावात कुणालाच घाई नाही.

१७ सप्टेंबर
‘आबा’साठी खास मोहीम. दिवसाला शंभर वेळा, मोठ्याने, सुटं सुटं. आ. बा. बाल्कनीत, जिन्यात, लिफ्टमध्ये. आज वॉचमन मला आबा म्हणाला. रसिका नाही.

२२ सप्टेंबर
आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. आठवडा पुरेल ना, असं मालतीने त्यांना दोनदा विचारलं.

२३ सप्टेंबर
मोहीम स्थगित. चिठ्ठ्या लिहून बोलतो. मालतीला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि ती चष्मा शोधत नाही.
दुपारी सोफ्यावर पडून होतो. रसिका आपण होऊन आली, शेजारी बसली. काही शिकवता येत नव्हतं म्हणून नुसता बघत राहिलो. हसली की तिच्या डाव्या गालावर खळी पडते. तीन वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती.

२५ सप्टेंबर. दुपारी ४
मांडीवर उस्मानिया बिस्किटांचा डबा. रसिकाने बोट दाखवलं. एरवी मी बिस्किट कशाचं बनतं इथपासून सुरू केलं असतं. नाइलाज. सहा, सात, आठ. नऊला ती म्हणाली, दे.
स्पष्ट. मी अख्खा डबाच दिला. डोळ्यांत पाणी आलं. मालती कांदा चिरत होती. म्हणजे स्वयंपाकघरात, दार लावून.

२८ सप्टेंबर
दे, घे, अजून, आई, आजी. यादम्माला ‘दा’. (तेलुगूला मंजुरी दिली आहे.) सगळ्यांना काही ना काही म्हणते. मला फक्त बाही धरून ओढते. वाईट वाटलं. कुणाला सांगणार नाही, इथे लिहून ठेवतो.

१ ऑक्टोबर
पद्मावती मॅडम खूश. विचारलं, घरात इतकं छान थांबतं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काल डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. उद्या सगळे जमतील तेव्हा ‘बोलण्याआधी थांबणं’ यावर छोटंसं भाषण. मुद्दे: अकरा.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. संध्याकाळी ७
सोनं वाटून झालं. सगळे हॉलमध्ये, हणमंतरावही. घसा खाकरून सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्यावर रसिका उठली, माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि म्हणाली, अहो, गप बसा.
आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य. हणमंतरावांना ठसका लागला. स्नेहा हसता हसता रडायला लागली. मालती देवघरात गेली, तिथून बराच वेळ बाहेर आली नाही.
मी मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, रोज कानावर पडतं तेच मूल उचलतं, फार छान. मी विचारलं, आणि ‘आबा’? त्यांनी विचारलं, घरात तुम्हाला आबा कोण म्हणतं?
विचार केला. पराग बाबा म्हणतो, स्नेहाही बाबा. मालती अहो. यादम्मा सर. आबा म्हणणारा मी. आणि वॉचमन.
हजेरीपटात लिहिलं: आजोबांना हाक मारते. टार्गेट पूर्ण.
आत्ता ती डबा घेऊन आली. म्हणाली, अहो, घे. घेतलं. अकरापैकी नऊ मुद्दे शिल्लक होते. गप बसलो.