बाबांच्या पुस्तकाचा निकाल

अमरावती, ७ जुलै २०२४

चि. प्रणालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी पुस्तकं निवडायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून बरं वाटलं. मास्तराची लेक आहेस, दुसऱ्या कोणाकडे जाणार होतं? सोबत माझ्या बोधकथांच्या पुस्तकाच्या प्रती पाठवतो. निवृत्तीनंतर मी त्यासाठी किती खपलो, ते तू पाहिलंच आहेस. पोरांचा गोंधळ नको म्हणून प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य ठळक अक्षरांत छापलं आहे. इथल्या बऱ्याच शाळांनी ते मानानं कपाटात ठेवलंय. तुमचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. फोन करताच आनंदानं हो म्हणाले. खालच्या फळीवर ठेव, म्हणजे लहानांचा हात पुरेल.

खुशाली कळवत जा, आईचा जीव तुझ्यात असतो.

तुझे बाबा

अकोला, २१ जुलै २०२४

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देणार नाही, म्हणून पत्र. तुमच्या प्रती परत पाठवते आहे.

पुस्तक निवडायची माझी एक रीत आहे. तिसरीच्या वर्गात ते मोठ्यानं वाचायचं, अर्ध्यावर मिटायचं आणि पाणी प्यायला बाहेर जायचं. पुढं काय झालं विचारत पोरं मागे आली, तर पुस्तक घ्यायचं. एका हट्टी म्हशीच्या गोष्टीला तर ती माठापर्यंत आली. तुमच्या गोष्टीला कोणी जागचं हललं नाही. मी रोज नव्या गोष्टी वाचून पाहिल्या, असं पूर्ण पुस्तक वाचलं, बाबा. मग पोरांच्या हाती दिलं, तर त्यातल्या उज्मानं शोध लावला की तात्पर्य आधी वाचलं की गोष्ट वाचावीच लागत नाही. सगळा वर्ग खेळायला मोकळा.

मुख्याध्यापक म्हणाले, सरांचं आहे, राहू द्या एका कोपऱ्यात. मी नाही म्हटलं. तुमचं पुस्तक धूळ खात पडलेलं मला बघवणार नाही, आणि पोरांची जागाही अडवायची नाही. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची प्रणाली

अमरावती, २७ जुलै २०२४

चि. प्रणालीला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून ह्यांचा पारा चढलेलाच आहे. काल जेवताना मला म्हणाले, "बापाचं पुस्तक ठेवलं असतं तं कपाट मोडून पडत होतं काय?" मी म्हटलं, भाजी घ्या. खरं सांगू का, हे मला त्या गोष्टी वाचून दाखवायचे तेव्हा मला डुलकी लागायची. त्यांना सांगू नको.

आज मात्र पुस्तक काखेत मारून समोरच्या किशोरच्या घरी गेलेत. तिथं पोरंच पोरं आहेत. काय करून येतात, देव जाणे.

तू जेवणाची हेळसांड करू नको.

तुझी आई

अमरावती, ४ ऑगस्ट २०२४

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो, हे खरं. तुझी रीत खोटी पाडायला किशोरच्या पोरांना ओट्यावर बसवलं, गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि पाणी प्यायला आत गेलो. सावकाश प्यालो. बाहेर आलो तर ओट्यावर एकटं पुस्तक होतं.

तेव्हापासून विचार करतो आहे. इतक्या शाळांनी ते घेतलं, मला शाली दिल्या, नारळ दिले. त्यातल्या एका गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं ते फक्त तू. आणि वाचून, बापाची भीड न धरता, परत केलंस.

काल निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत भगवंतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं की, लेकीच्या शाळेत पुस्तक लागलं असेल ना. मी उभा राहून सांगितलं, "माह्या पोरीनं मले नापास केलं. अशी मास्तरीण तुमच्यापैकी कोणाच्या घरात असन तं दाखवा."  इतक्या वर्षांत कोणत्याही शालीनं माझी छाती एवढी फुगली नव्हती.

आमचा लोभ आता दुप्पट झाला आहे, तो तसाच सांभाळ.

तुझे बाबा