मागचं चाक

३ नोव्हेंबर

निघाले!

सायकलने पूल ओलांडला तेव्हा सात वाजायचे होते. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलंच. बाबा दुकानासमोर उभे, हात वर, तोंड जरासं बाजूला, भलतीकडेच बघून मला निरोप देत होते. हसू आलं. रडू आलं असतं, त्यापेक्षा बरं.

तीस वर्षं आमचं सायकलचं दुकान याच रस्त्यावर आहे. हा रस्ता समुद्रापाशी जाऊन संपतो. तिकडे जाणाऱ्या किती जणांची पंक्चरं बाबांनी काढली असतील! स्वतः मात्र पुलापलीकडच्या तिसऱ्या मैलाच्या दगडापुढे कधी गेले नाहीत. कधीही विचारा, एकच उत्तर – "दुकान कोण बघणार?" म्हणून मी ठरवलं. एक डिसेंबरला शाळेत रुजू व्हायचं. त्याआधी हा रस्ता शेवटापर्यंत बघून यायचा, त्यांच्या वाटचा.

त्यांची अट एकच. रोज संध्याकाळी फोन. "फोटो पाठवू नकोस. फोटोत काय कळतं? तू सांग. एवढी शिकलीस ना, मग नीट सांग."

निघताना बघितलं, आईच्या उजव्या हाताच्या चारही बोटांना पट्ट्या. "सुरी लागली," म्हणाली. चार बोटांना एकदम! "एवढी कसली घाई होती?" म्हटलं, तर तिने खाली वाकून मागचा टायर दाबून बघितला. "मागचं चाक कसं चालतं ते सांग हं." आई! जिला साधी हवा भरायला सांगितली तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणायची, ती!

बावन्न किलोमीटर झाले. उद्या आणखी.

४ नोव्हेंबर

बूड दुखतंय. लिहिण्यासारखं आज एवढंच आहे.

५ नोव्हेंबर

सूतगिरणीतल्या बायकांच्या वसतिगृहात उतरले आहे. एका खोलीत सहा खाटा, दोरीवर ओले टॉवेल, भिंतीला पाळ्यांचं वेळापत्रक. बायकांनी खाटेभोवती कोंडाळंच केलं.

"नवरा कुठाय?"

"नाही."

"मग पळून कुठे चाललीस?"

"समुद्राकडे."

"तिथे कोण आहे?"

"समुद्रच आहे."

"अगं बाई, याचं तरी घर मोठं आहे!" – खोली हसून हसून आडवी.

मग मी बोलले. मुलींनी शिकलंच पाहिजे, आमच्या घरात मी पहिली पदवीधर, माझ्या आईला सहीसुद्धा जेमतेम येते, आता मी तिला काही करू देणार नाही वगैरे. छान बोलले असं तेव्हा वाटलं. शेवटी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मावशींनी विचारलं, "सायकल शिकायला किती दिवस लागतात?" पंचेचाळीसच्या तरी असतील. मी समजुतीने म्हटलं, "तुम्ही आता कशाला, मावशी? मुलीला शिकवा." त्या मान हलवून टॉवेल काढायला गेल्या.

बाबांना आज वीटभट्ट्यांबद्दल सांगितलं. सगळा रस्ता लाल धुळीचा.

"लाल म्हणजे कसला? विटेचा की गंजाचा?"

विचार करावा लागला. "गंजाचा. नव्या गंजाचा, बोटाला लागतो तसला."

"हं. दिसला."

६ नोव्हेंबर

टण्ण! चढावर मागच्या चाकाची एक तार तुटली. साखळीच्या बाजूची. घाबरले, पण बाबांनी सहा जादा तारा दांडीला बांधून दिल्या होत्या. दीड तास लागला, हात कोपरापर्यंत काळे, पण बसवली! रस्त्याने जाणारा एक ट्रक मुद्दाम हळू झाला. ड्रायव्हर म्हणाला, "काय मॅडम, दुकान टाकलं का?"

संध्याकाळी फोनवर आधी आई आली. जेवलीस का, झोपायला कुठे – काही नाही. पहिला प्रश्न, "मागचं चाक कसंय?"

"मस्त!"

खोटं बोलले. बाबांनी बांधलेल्या चाकाची तार चौथ्या दिवशी तुटावी, हे त्यांना कसं सांगायचं? माझ्याच बॅगा जड आहेत. पुस्तकं आणायला नको होती.

७ नोव्हेंबर

आणखी एक. पुस्तकं वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवून दिली, मावशींच्या नावाने. वाचतील की नाही देव जाणे.

८ नोव्हेंबर

आज सगळं नीट लिहून काढायला हवं. नाहीतर डोक्यात नुसतंच फिरत राहील.

सकाळी एकदम दोन तारा गेल्या. चाक ब्रेकला घासायला लागलं, नव्या तारा घालूनही सरळ होईना. दगडखाणींच्या गावापर्यंत चालत आले, नऊ किलोमीटर. चौकात सायकलचं दुकान. मिस्त्री बाबांच्याच वयाचे असतील, नाकावर चष्मा, मागे भिंतीवर ओळीने टांगलेली चाकं. दुकानातला तो वंगणाचा आणि रबराचा वास आला आणि मला एकदम घरी आल्यासारखंच झालं.

त्यांनी सायकल उलटी केली. पुढचं चाक फिरवलं आणि तारांवर नख धरलं. झर्रर्र – एकच सूर. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"कोणी बांधलं हे?"

"बाबांनी."

"आहेत का?"

"आहेत म्हणजे? आहेतच!"

"तसं नव्हे गं. असे कारागीर आता राहिले नाहीत म्हणून विचारलं."

माझी छाती दोन इंच फुगली. मग त्यांनी मागचं चाक फिरवलं. टिण्, टुण्, ठप्प, टिण्.

"आणि हे कोणाचं?"

"बाबांचंच."

"छे."

"छे काय? मी सांगतेय ना! कॉलेजला लागले तेव्हा पुढचं बांधलं, आणि हे गेल्या महिन्यात. मागची रिंग तडकली होती म्हणून."

"तू शिकलेली असशील बाई, पण मी चाळीस वर्षं चाकंच बघतोय. हे एका हाताचं काम नाही. या मागच्यात सगळे नियम पाळलेत, धडा पाठ केल्यासारखे. पण बांधून झालं की तारा दोन-दोन मुठीत धरून दाबायच्या असतात, बोटं कापेपर्यंत. तेव्हा कुठे त्या बसतात. इथे मुठीला जोर पुरला नाही. चाक बांधायच्या स्टँडवर सुरात वाजलं असेल. रस्त्यावर आलं आणि ढिलं पडलं."

"बाबांचंच आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले.

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "मग त्यांचं काहीतरी गेलंय, पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी हट्टाने खाली बसले. बाबांची एक खूण आहे. हवा भरायच्या वाल्व्हच्या रेषेत बघितलं की समोर हबवरचं, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवरचं, नाव सरळ वाचता आलं पाहिजे. उपयोग शून्य! पण ते जुळल्याशिवाय बाबा चाक हातातून सोडत नाहीत. पुढच्या चाकाला डोळा लावला – नाव सरळ. मागच्याला लावला – नाव पलीकडे वळलेलं. न बघता ते चाक सोडतीलच कसे? न बघता –

आणि सगळं एकदम ओळीने आलं. परीक्षा संपवून घरी आले तेव्हा ट्यूबच्या खोक्यावरचा आकडा त्यांनी मला वाचायला सांगितला होता. गिऱ्हाईक बोलेपर्यंत ते कोणाला नावाने हाक मारत नाहीत. कपात ओतलेला चहा बशीत, बशीतला मांडीवर. पुलाच्या दिशेला न बघता वर केलेला हात. फोटो पाठवू नकोस. तू सांग.

तीन वर्षं वसतिगृहात राहून मी माणूस घडवण्याबद्दल निबंध लिहीत होते. घरातला माणूस दिसला नाही मला.

मिस्त्री म्हणाले, हे चाक पुढे नेऊ नकोस, घाटात दगा देईल. त्यांच्याकडचं तयार चाक घालून दिलं. जुनं इथेच राहू दे म्हणाले, हब चांगला आहे, सवड झाली की तारा कापून काढून घेईन. मी हो म्हटलं. त्या चाकाकडे मला बघवतही नव्हतं.

९ नोव्हेंबर

दुपारी फोन केला, बाबा जेवून आडवे होतात त्या वेळी. आईने उचलला.

"आई, बाबांना दिसत नाही ना?"

 मागे खट् खट् असं काहीतरी वाजत होतं, ते थांबलं.

"मधलं गेलंय," आई म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. समोर उभं राहिलं की तोंड दिसत नाही, कान दिसतात म्हणतात. तुझे कान त्यांना चांगले ठाऊक झालेत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"सांगून तू काय केलं असतंस? परत आली असतीस."

आलेच असते. आताही सायकल बसवर टाकून येते म्हटलं. टपावर बांधतात, विचारून ठेवलंय. तेव्हा आई चिडली. एरवी तिचा आवाज चढत नाही. "इथवरचा रस्ता तू त्यांना सांगितलास. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांना पुन्हा सांगतात, भट्ट्या अशा, धूळ तशी. अर्ध्यावर सोडून आलीस तर त्यांच्याजवळ अर्धाच राहील. संपव आणि ये."

मग मी मनातलं सगळं बोलून टाकलं. दुकान बंद करा. पगार सुरू होतोय माझा. बाबांनी बसून राहावं, तूही कशाला हात घालू नकोस, खूप केलंस. मी आहे ना आता! अगदी मनापासून बोलले. 

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागचं चाक कसंय?"

चाकाचं काय घेऊन बसलीये! राग आला. पण तिला वाटत असेल, बाबांनी दिसत नसताना बांधलेलं शेवटचं चाक, ते तरी टिकावं. "उत्तम आहे," म्हटलं. "बाबांना सांग, एक तार हलली नाही."

"खरं?"

"अगदी खरं."

"बरं," म्हणाली. आवाज हसरा वाटला. या सगळ्यात हसू कसलं?

१० नोव्हेंबर

घाट. मिस्त्रींचं चाक कुरकुरतसुद्धा नाही. आज त्याचाही राग येतोय.

रोज रस्ता मी माझ्यासाठी बघत होते आणि संध्याकाळी त्यातलं उरलंसुरलं बाबांना देत होते. आजपासून तसं नाही. आज प्रत्येक वळणावर पाय टेकला. खडकाला हात लावून बघितला. खरखरीत, आतून गार. झाडांची सावली रस्त्यावर कशी पडते तेही बघितलं – फाटलेल्या ट्यूबसारखी, मध्येच तुटत तुटत.

संध्याकाळी सांगितलं. डोळ्यांबद्दल मीही बोलले नाही, तेही नाही. दुकानाचं मात्र आईने सांगितलेलं दिसलं.

"बंद करा म्हणालीस?"

"हो, बाबा."

"आधी घाट उतर. मग बोलू. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस."

१२ नोव्हेंबर

पोचले.

रस्ता खरंच संपतो! मला वाटलं होतं वाळूत हळूहळू विरत जाईल. तसं नाही. डांबर येतं, एका बुटक्या भिंतीला टेकतं आणि थांबतं. भिंतीवर जाळी वाळत घातलेली, एक म्हातारी त्यातली भोकं बोटांनी चाचपून सांधत होती. पलीकडे पाणी.

फोन लावला, बाबांनीच घेतला.

"बाबा, आले मी. रस्ता संपला."

"सांग."

काय सांगणार? निळा म्हणावं तर निळा नव्हता. सावकाश, जमेल तसं सांगितलं. जवळ आहे तो धुतलेल्या पत्र्यासारखा. पुढे हळूहळू ब्रेकच्या जुन्या तारेच्या रंगाचा. आणि त्याच्याही पुढे, जिथे आभाळ टेकतं तिथे मधली रेषच दिसत नाही. कडेकडेने दिसते, समोर बघावं तर नाही.

"तसंच दिसतं," बाबा म्हणाले.

 लाटा ऐकू याव्यात म्हणून मी फोन भिंतीवर ठेवला आणि शेजारी बसून राहिले, आभाळ लाल होईपर्यंत. लाल म्हणजे कसला, तेही सांगितलं.

१३ नोव्हेंबर

सकाळी आईचा फोन. "टिकलं ना शेवटपर्यंत?" टिकलं म्हटलं. तेव्हा सांगितलं तिने. आजवर तिला एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं ती शिकतेय. बाबा शेजारी बसून कानाने ऐकून सांगतात, ती बांधते. चार वेळा उलगडलं, पाचव्यांदा जमलं. बोटं त्यानेच कापली. मागचं चाक तिचं, पहिलंच. त्यानंतर सरावाची चार झाली, आता सहावं चाललंय. "तुझं टिकलं म्हणालीस ना, त्याच दिवशी बाहेरची ऑर्डर घेतली," म्हणाली. "दुकान कशाला बंद करायचं गं?"



मिस्त्रींचा नंबर नाही माझ्याकडे. सवड झाली की आईच्या चाकाच्या तारा कापेन म्हणाले होते. इथून न रेंगाळता गेलं तरी दोन दिवसांची वाट आहे. एका दिवसात गाठायची आहे.