पोटरीचं माप

आबा, परवा दुकानात एक पोरगी आली. कॉलेजात शिकणारी, केस कापलेले, अंगात भावाचा असावा तसा सदरा. दाराशी फटफटी उभी केली आणि आत येऊन सरळ आढ्याकडं बोट केलं. "आजी, मला तसले बूट पाहिजेत. जुन्या पद्धतीचे, गुडघ्यापर्यंत." तो एकटा बूट अजून तिथंच टांगलेला आहे बरं का. तुमच्या वडलांनी पलटणीतल्या घोडेस्वारासाठी शिवायला घेतला, साहेबाची बदली झाली, जोडीतला दुसरा शिवायचा राहिला आणि पहिला दुकानाची पाटी होऊन बसला. पोरीला म्हणे फटफटीवरून हिमालयापर्यंत जायचंय, एकटीला. मी म्हटलं, जा की, कोण अडवतंय? मग तिला कातडं निवडायला बसवलं. चकाकी बघू नको, वाकवून बघ, वाकवल्यावर सुरकुती पडून परत मिटली तर ते कातडं तुझं. तळ म्हशीचा घे, वरची नळी गाईची. घोट्यापाशी जरा सैल ठेवू, नाहीतर पाऊल वाकायचं नाही. आतल्या अंगाला शिवण नको, फटफटीला घासून उसवेल. ती सगळं वहीत लिहून घेत होती. माप घ्यायला पट्टी काढली तशी ती खुर्चीत बसायला लागली, तर मी ओरडलेच, "अगं ऊठ! उभी राहा. उभ्यानं पोटरी बोटभर फुगते." ती हसली आणि म्हणाली, "आजी, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडलांनी. तिनं तेही लिहून घेतलं.

ती गेल्यावर माझं डोकं फिरलं. वडलांनी शिकवलं म्हणे! तुम्ही काय शिकवलंत हो मला? सासरच्यांनी तोंडाळ म्हणून परत पाठवली, तेव्हा मी सोळाची होते. इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ लावला, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. तुम्ही मला घरात घेतलंत, पोटाला घातलंत, ते मी विसरलेली नाही. पण सकाळी गिरणीचा भोंगा झाला की तुम्ही दुकानात जाऊन बसणार आणि मी मागं चुलीपाशी, मधल्या दाराच्या फटीतून तुमचे हात बघत. एकदा तुम्ही स्टेशनात कातडं आणायला गेलात, तेव्हा मी एका चपलेचा पट्टा शिवून ठेवला. चांगला शिवला होता, अजून सांगते. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा केलात, सुलटा केलात आणि माझ्या हातातली कातडं टोचायची आरी काढून घेतलीत. "आरी बायकांच्या हातात शोभत न्हाय. चूल बघ." टाका वाकडा आहे म्हणाला असता तर मी रात्रंदिवस बसून सरळ केला असता. बाईपण कसं सरळ करायचं, ते सांगितलं नाहीत.

मग ती नर्सबाई आली. आठवते का तुम्हाला? आठवणारच. उंच, सावळी, कपाळ मोकळं, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला आणि पायात फाटक्या वहाणा. तट्टू आपल्या गल्लीच्या तोंडाशी बांधून चालत आली. दुकानात आल्याआल्या पाणी मागितलं आणि आपल्या घरच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली, सगळी गल्ली बघत राहिली. चांभाराच्या घरचं पाणी तिच्या जातीचं माणूस पीत नव्हतं तेव्हा. पाणी पिऊन झाल्यावर तिनं त्या टांगलेल्या बुटाकडं बोट केलं. तुम्ही म्हणालात, "बाईसाब, ते घोडेस्वाराचं बूट हाईत. बायामाणसाचं काम न्हाय ते." ती म्हणाली, "मी घोड्यावरच हिंडते, मिस्त्री. होटगीच्या पलीकडच्या वाड्यांतली बाळंतपणं माझ्याकडं आहेत. बाभळीचा काटा, विंचू, साप, कुणी विचारत नाही बाई आहे का बुवा." शेजारचा टांगेवाला चाचा दारात येऊन टेकला होता. तो हसत म्हणाला, "क्या मिस्त्री, अब औरतां भी बूटां पैनतीं क्या?" तर तीच आतून म्हणाली, "चाचा, तुमच्या घोडीला नाल चालते, मग मला बूट का चालू नये?" मी दाराआड तोंडावर पदर धरून हसत होते. त्या दिवसापासून मला ती बाई आवडायला लागली.

तुम्ही काम घेतलंत, पण घोडं अडलं मापापाशी. गुडघ्याएवढा बूट म्हणजे पोटरीचं माप आलं, आणि परक्या बाईच्या पोटरीला तुम्ही हात कसा लावणार? तुम्ही डोकं खाजवत बसलात. शेवटी आत येऊन म्हणालात, "पोरी, जरा येतीस का? कागदाची पट्टी लावायची न् मी सांगीन तितं नखानं खूण करायची." असा मोका पुन्हा येणार नव्हता. मी हात पुसत म्हटलं, "माप मी घेते, आबा. पण ह्ये बूट बाईंना बसले, तर फुडच्या जोडाला मला आरी द्यायची." तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "बरं बरं. बसले तर." एवढंच म्हणालात. मला तेवढं पुरे होतं.

मी कोपऱ्यात एक चादर आडवी बांधली आणि बाईंना तिच्यामागं नेलं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलात, गोसावी बसतो तसे, आणि भिंतीलाच सांगायला लागलात. "चवडा. एक खूण. पायाचा उंचवटा. दोन. घोटा. आता पोटरी, जितं लई जाड हाय तितं. गुडघ्याखाली चार बोटं सोड." मी पट्टी गुंडाळत होते, नखानं चिरत होते. मध्येच तुम्ही विचारलंत, "बाई उभ्या हाईत न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." चाचा बाहेर कुणाला तरी सांगत होता की मिस्त्री आता भिंतीचं माप घेतोय. लोक जमले होते, हसत होते. मी मात्र एकेक खूण मोजत होते. जन्मात पहिल्यांदा तुमचं काम माझ्या हातातून पुढं जात होतं.

दोन आठवडे तुम्ही खपलात. तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं तुम्ही स्वतः निवडलं, चार वेळा वाकवून, नाकाला लावून. ते निवडणं मी फटीतून बघितलं, आणि परवा त्या पोरीला जे सांगितलं ते तिथनंच उचललेलं. म्हणजे शिकवलं नाहीत, मी चोरलं. बूट झाले ते काय सांगू, आबा! टांगलेल्या बुटाला लाज वाटावी असे. गल्लीतली म्हातारी माणसं येऊन हात फिरवून जात होती. तुम्ही नुसते मिशीला पीळ देत होता. चाळीस वर्षांत शिवलेला बूट तुम्हाला परत उसवावा लागला नव्हता, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

बाई आल्या. उजवा पाय घातला. पाऊल गेलं, घोटा गेला आणि निम्म्या पोटरीवर बूट अडकला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. मी ओढला. चाचा म्हणाला, "साबण लगाव." डावाही तिथंच अडकला. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तुम्ही उठलात, दुकानात सगळे ऐकत असताना हात जोडलेत आणि म्हणालात, "हात चुकला माजा, बाईसाब." बाई म्हणाल्या, अहो होतं असं, मिस्त्री, एवढं काय. पण तुमचं तोंड राखेसारखं झालं होतं. तुम्ही कातडं कापायची रापी घेतलीत आणि मागची शिवण आपल्या हातानं उसवलीत. तसलं कातडं संपलं होतं म्हणून दोन बोटं रुंद तांबडी पट्टी जोडलीत. बाईंनी ते बूट पुढं किती वर्षं घातले! म्हणायच्या, तांबडी पट्टी लांबून दिसते, शेतातल्या बायका ओळखतात नर्सबाई आली म्हणून.

त्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. तुम्ही ताटावर बसला होता, पुढ्यात शेंगाची चटणी, घास हलत नव्हता. तुम्ही विचारलंत, "मापाच्या येळी बाई उभी हुती न्हवं?" मी तव्याकडं बघत म्हटलं, "व्हय." भाकरी फुगली, मी ती तुमच्या ताटात वाढली, आणि मग तुम्ही म्हणालात, "मग तुजं माप बरुबर. माजाच हात गेला." आणि पाणी पिऊन उठता उठता, "उद्यापास्नं तू बस."

मला आनंद झाला, आबा. उड्या माराव्याशा वाटल्या. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी बसले, तुमची आरी घेतली आणि त्या जागेवरून आजवर कुणी मला उठवू शकलेलं नाही. जातीतले चार शहाणे आले, पोरीला दुकानात बसवून नाक कापतोस का म्हणाले. तुम्ही त्यांना तेच सांगितलंत, "तिचं माप बरुबर हाय. माजा हात चुकला." आणि मी मान वर करून ऐकत होते! गिरणीतला एक बडा साहेब म्हणाला, बाईकडून माप घेणार नाही. मी म्हटलं, मग अनवाणी जा. आठ दिवसांनी आला मुकाट्यानं. सासरचे पुन्हा न्यायला आले, दुकान चालतंय म्हटल्यावर त्यांना सून आठवली. त्यांना मी दारातूनच परत लावलं. नर्सबाईंनी मला अक्षरं शिकवली, बूट तेल लावायला आणायच्या तेव्हा, पाटीवर. मापं लिहून ठेवता यावीत म्हणून शिकले. हे सगळं मी माझ्या जिवावर केलं, आणि कुणी म्हणालं बापाची पुण्याई, तर मला राग यायचा. अजून येतो.

राग तुमचाही येतो. एक जोड अडकला म्हणून माणूस असं हातपाय गाळून बसतं का? त्यानंतर तुम्ही उंच बूट शिवला नाहीत. कुणी आलं तर माझ्याकडं बोट करायचात, "तिला इचारा." नुसती चपलांची ठिगळं लावत बसायचात. मधेच हात डोळ्यांपुढं धरून बघायचात, पालथा, उताणा. मला बघवत नव्हतं. मी ओरडायची तुमच्यावर, "काय झालंय हाताला? काही झालं न्हाय!" तुम्ही हसायचात. जर्मनबरोबरची दुसरी लढाई लागायच्या आधी गेलात. सहा वर्षं, आबा. सहा वर्षं तुम्ही त्या हातांना नावं ठेवलीत आणि मी शेजारी बसून तुमच्याच आरीनं टाके घातले.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि जे लिहायचंय ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असं नाही. नर्सबाईंना ठाऊक होतं. त्यांनी कधी शब्द काढला नाही, त्याही गेल्या. परवा त्या पोरीला "ऊठ, उभी राहा" म्हणून ओरडले आणि माझाच आवाज माझ्या कानाला टोचला. माफी मागायला लिहीत नाही. ती बाई बारा कोसांवरून दमून आली होती, बाहेर टोळकं उभं होतं, तसल्यात लुगडं गुडघ्यावर धरून उभं राहा असं मी तिला कसं सांगणार होते? आणि बसलीय म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोरीला जमत न्हाय, आणि मी परत चुलीपाशी. सोळा वर्षांची होते मी. एका शब्दाचं काम होतं. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हाही एकाच शब्दाचं होतं.

बाई उभ्या नव्हत्या, आबा. खुर्चीत बसल्या होत्या, मीच बसवलं होतं. तुमचा हात चुकला नव्हता. आरी मात्र मी परत देणार नाही.